तळघरातलं पाणी: वेट व्हॅक्यूम की सबमर्सिबल पंप?

तळघरात पाणी शिरलं की हाताला लागेल त्याने आपण उपसायला लागतो. पहिल्या वेळी माझ्याकडे वेट व्हॅक्यूम, म्हणजे पाणीही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर होता, दुसऱ्या वेळेपर्यंत पाण्यात बुडवून चालवायचा सबमर्सिबल पंप आला होता. दोन्ही कामाची यंत्रं आहेत. आधी कोणतं घ्यावं, हे तुमच्याकडे पाणी किती साचतं त्यावर ठरेल. माझा कल मात्र एका बाजूला आहे आणि त्याला कारण जिना आहे.

एक चौरस मीटर फरशीवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० लिटर. माझं तळघर साधारण २० चौरस मीटरचं. पाणी जेमतेम ५ सेंटिमीटर होतं, धड घोटाही बुडत नव्हता. तरी ते झालं १,००० लिटर! व्हॅक्यूमची टाकी ३० लिटरची, पण २५ लिटरच्या आसपास फ्लोट (टाकी भरली की ओढीची वाट बंद करणारा तरंगता भाग) वर येतो, मोटरचा आवाज एकदम चढतो आणि ओढ बंद होते. म्हणजे ४० खेपा.

ओढायला व्हॅक्यूम झकास, टाकी बघता बघता भरते. खरे कष्ट त्यानंतरचे. मशीन बंद करा, क्लिपा उघडा, मोटरचं डोकं कोरड्या जागी ठेवा आणि २५ किलो गढूळ पाणी दोन्ही हातांनी धरून जिना चढा. टाकी पोटाशी धरली की पायाखालची पायरी दिसत नाही. पाणी डचमळून पायरीवर सांडतं आणि पुढची खेप त्याच ओल्या पायरीवरून करावी लागते. दहाव्या खेपेला पाय सटकला, कठडा हाताशी होता म्हणून निभावलं. माझा निर्णय तिथेच झाला.

टाकीला खाली निचऱ्याचं बूच असतं, पण तळघरात त्याचा उपयोग नाही, कारण तिथून पाणी उतरायला आणखी खाली जागाच नसते. व्हॅक्यूम वर ठेवून लांब नळी खाली सोडायचाही प्रयत्न केला. या मशीनची ओढ साधारण दोन मीटर उंचीचं पाणी पेलण्याइतकीच असते. नळीचं तोंड पुरतं बुडालं की पाणी मध्येच अडायचं. तोंड जरा उचलून हवा आत जाऊ दिली की गुरगुरत थोडं थोडं वर यायचं. त्यापेक्षा खेपा बऱ्या वाटल्या.

पंपाने जिन्याचा प्रश्नच मिटवला. पंप खाली, होज वर. खोक्यावर मिनिटाला लिटरचा जो आकडा असतो तो चढ नसतानाचा. तळघरातून वर फेकताना तो बराच घटतो, हे धरून चला. मी घड्याळ लावून मोजलं नाही, पण पहिल्या वेळी ज्या कामाला सकाळपासून अंधार पडेपर्यंत वेळ गेला, ते दुसऱ्या वेळी तासाभरात उरकलं, तेही पाठ न दुखता.

पंपाच्याही कटकटी आहेत. साधा पंप तळाशी काही सेंटिमीटर पाणी सोडतोच. सपाट तळाचा घेतला तर दोन-तीन मिलिमीटरपर्यंत उतरतो, म्हणून मी तोच सुचवेन. गाळ असेल तर पंप भोकं पाडलेल्या बादलीत ठेवा. पाणी संपल्यावर तो कोरडा चालू देऊ नका, कारण मोटर थंड राहते ती भोवतीच्या पाण्यामुळे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) नसेल तर बंद करताच होजमधलं सगळं पाणी परत खाली येतं.

उरलेला ओलावा, कोपरे, जिन्याखालची बोळ, भिजलेला गालिचा यांत मात्र व्हॅक्यूमला तोड नाही, तिथे पंप हात टेकतो. कागदी फिल्टर आणि पिशवी आधी काढा, फोमचं आवरण लावा. पाण्यात साबण असेल तर जपून, फेसाने फ्लोट वेळेवर उचलला जात नाही आणि पाणी मोटरपर्यंत पोचतं. पाणी बाहेर फेकणारा पंप जोडलेला व्हॅक्यूमही मिळतो. एकच यंत्र घ्यायचं असेल तर तो वाईट नाही, पण मी वापरलेल्याची जाळी गाळाने सारखी तुंबायची.

काहीही वापरा, पाणी सॉकेटपर्यंत पोचलं असेल तर वीज तोडल्याशिवाय खाली उतरू नका, आणि तोडायचा स्विचच तळघरात असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. यंत्र ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा. पेट्रोलवर चालणारा पंप तळघरात कधीच लावू नये, कार्बन मोनॉक्साइड साचतो. तळघर कमरेएवढं भरलं असेल आणि बाहेरची जमीनही पाण्याने भरलेली असेल तर एका दमात रिकामं करू नका. बाहेरच्या दाबाने भिंत आत ढकलली जाऊ शकते. रोज एक तृतीयांश काढणं बरं.

फरशी नुसती ओली होण्यापुरतंच पाणी येत असेल तर व्हॅक्यूम पुरेल. बोटाची दोन पेरं बुडू लागली की मी तरी आधी पंपच घेईन. आणि होज दुकानात अंदाजाने न घेता जिन्याला दोरी लावून मोजून घ्या. माझी पहिली होज आखूड पडली, पाणी भिंतीलगतच पडत राहिलं आणि काही वेळाने त्याच भिंतीतून पुन्हा आत पाझरायला लागलं.