तैवानी मुलांचं इंग्रजी वाचन : अँकी आणि जुने पेपर वापरून आलेला अनुभव

शब्द पाठ करून घ्यायला कुठलं ॲप चांगलं, असं तैवानमधल्या शिन्चू शहरातली मराठी मंडळी मला नेहमी विचारतात. इथल्या सायन्स पार्कमुळे भारतीय कुटुंबं बरीच आहेत, आणि ‘आमच्या मुलांचं इंग्रजी जरा बघता का’ अशी विनंती शेजारपाजारहून येतेच. माझ्याकडेही आली. खालच्या मजल्यावरची दोन तैवानी भावंडं, मुलगी आठवीत आणि मुलगा नववीत, गेले काही महिने संध्याकाळी माझ्याकडे वाचायला बसतात. या काळात अँकी हे कार्डांचं ॲप, बोर्डाच्या परीक्षेचे जुने पेपर आणि ‘कूल इंग्लिश’ हे सरकारी संकेतस्थळ अशी तिन्ही साधनं आम्ही मनापासून वापरली. तिन्हींबद्दल लिहिते, पण जास्त लिहिणार जुन्या पेपरांबद्दल. विचारतात सगळे ॲपबद्दल, पण फरक पडला तो पेपरांनी.

आधी परीक्षेचं सांगते. इथे नववीच्या शेवटी, मे महिन्यात, ‘ह्वेइखाओ’ नावाची परीक्षा असते. २०१४ पासून ती होते. इंग्रजीत वाचनाला ८० टक्के आणि ऐकण्याला २० टक्के वजन. वाचनाच्या पेपरला ६० मिनिटं, प्रश्न चाळीसच्या आसपास, सगळे बहुपर्यायी. निकाल ए, बी, सी अशा श्रेणींत लागतो आणि ए, बीला पुढे अधिकची चिन्हं जोडली जातात. ‘ए’ला दोन अधिक की एक, यावर घराघरात चर्चा चालते. अभ्यासक्रमात शब्द साधारण २०००, त्यांतले १२०० मूळ म्हणून वेगळे काढलेले, आणि पेपर मुख्यतः या मूळ शब्दांवर बेतलेला असतो. बाहेरचा अवघड शब्द आलाच तर त्याचा चिनी अर्थ खाली छापून देतात.

म्हणजे बाराशे शब्द आले की काम झालं, असं कुणालाही वाटेल. इथले पालक तसंच धरून चालतात. मुलं सगळीकडे शब्द घोकताना दिसतात: स्पेलिंग, चिनी अर्थ, पुन्हा स्पेलिंग, पुन्हा चिनी अर्थ. शाळेत शब्दांच्या छोट्या चाचण्या, संध्याकाळी बूशीबानमध्ये, म्हणजे क्लासला, पुन्हा त्याच. खालच्या मजल्यावरच्या मुलाला हे शब्द येत होते. यादी समोर धरून विचारलं तर धडाधड अर्थ सांगायचा. आणि तरी दहा ओळींचा उतारा दिला की निम्मे प्रश्न चुकायचे. आई काळजीत, मुलगा चिडलेला, आणि उपाय म्हणून आणखी मोठी शब्दयादी आणलेली.

एका उताऱ्यात वाक्य होतं, ‘देअर वेअर ओन्ली टू सीट्स लेफ्ट’. त्याने वाचलं आणि सांगितलं, डावीकडे दोनच जागा होत्या. मी म्हटलं, नीट बघ. त्याने फोन काढून कार्ड दाखवलं. कार्डावर एका बाजूला ‘लेफ्ट’, दुसऱ्या बाजूला ‘ज्वोब्येन’, म्हणजे डावी बाजू. बरोबरच होतं की त्याचं. एका शब्दाला एकच अर्थ, असं त्याला शिकवलं गेलं होतं आणि तो अर्थ त्याने इमानाने पाठ केला होता. ‘रन’चंही तेच. कार्डावर फक्त ‘पाओ’, धावणे. मग काका नूडल्सचं दुकान ‘रन’ करतात हे वाचून तो गोंधळणार नाही तर काय करणार? मूळ बाराशे शब्द सोपे दिसतात, पण अनेक अर्थांनी लदलेले असतात ते हेच शब्द, आणि पेपर काढणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

त्यानंतर आम्ही तयार संच बाजूला ठेवले. आता कार्ड फक्त त्या वाक्याचं होतं, जिथे वाचताना गाडी अडली. पुढच्या बाजूला पूर्ण वाक्य, अडलेला शब्द ठळक. मागच्या बाजूला त्या वाक्यापुरता चिनी अर्थ, शक्य तितका थोडक्यात, आणि उच्चार ऐकायची सोय. ‘लेफ्ट’ची आता दोन वेगळी कार्डं आहेत आणि त्याला दोन्हींत फरक सांगावा लागत नाही. असं कार्ड करायला वेळ लागतो हे खरं. तयार दोन हजारांचा संच एका मिनिटात उतरवता येतो. पण त्या संचातला शब्द मुलाने कधी कुठे पाहिलेलाच नसतो, त्यामुळे तो कार्डातच राहतो, उताऱ्यात ओळखू येत नाही. अँकी वापरणार असाल तर माझा पहिला आग्रह हाच राहील: कार्ड मुलानेच लिहायचं, आणि वाचलेल्या मजकुरातूनच.

तयार संचांची आणखी एक अडचण. नेटवर मिळणारे पुष्कळ संच मुख्य भूमी चीनमधल्या मुलांसाठी केलेले असतात. त्यांतली अक्षरं सोपी केलेली, सरलीकृत. तैवानची मुलं पारंपरिक अक्षरं शिकतात. सरलीकृत त्यांना अंदाजाने वाचता येतात, पण अर्थ शोधण्यातच डोळा अडतो. उच्चारचिन्हांचंही तेच. इथे शाळेत केके नावाची अमेरिकन उच्चारांची पद्धत शिकवतात, बाहेरच्या संचांत बऱ्याचदा दुसरीच चिन्हं असतात. मुलाच्या डोळ्याला सवय असेल तेच द्यावं.

अँकीच्या मांडणीबद्दल थोडं. ॲप अँड्रॉइडवर आणि संगणकावर फुकट आहे, आयफोनवर एकदाच पैसे भरावे लागतात. मुळात दिवसाला २० नवी कार्डं अशी मर्यादा लावलेली असते. क्लासहून रात्री उशिरा परतणाऱ्या मुलाला ती झेपत नाही, कारण आजची नवी कार्डं पुढच्या आठवड्यात उजळणी होऊन अंगावर येतात. आम्ही ती निम्म्याहून खाली आणली. दुसरं म्हणजे बटणं. आठवलं नाही तर ‘अगेन’ दाबायचं, आठवलं तर ‘गुड’. बाकी दोन बटणांना हात लावायचा नाही, असा नियम केला. मुलं अर्थ विसरली की लाजून ‘हार्ड’ दाबतात, आणि अँकीच्या हिशेबात ‘हार्ड’ म्हणजे ‘आठवलं, पण कष्टाने’. मग न येणारं कार्ड लांबच्या तारखेला ढकललं जातं. २०२३च्या शेवटच्या तिमाहीत आलेल्या आवृत्तीपासून अँकीत एफएसआरएस ही उजळणीच्या तारखा काढायची नवी पद्धत आहे. सेटिंगमध्ये ती चालू केली की उजळणीचा ढीग बऱ्यापैकी आटोक्यात राहतो. आमच्या दोघांचाही राहिला.

आता जुने पेपर. तैवानच्या नॉर्मल विद्यापीठाचं, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या विद्यापीठाचं, मानसशास्त्रीय व शैक्षणिक चाचणी केंद्र ही परीक्षा तयार करतं, आणि २०१४ पासूनचे पेपर, उत्तरं, ऐकण्याच्या भागाच्या ध्वनिफिती असं सगळं खुलं ठेवलेलं आहे. एक पैसा लागत नाही. शोधताना लक्षात ठेवा, वर्षं इथल्या पद्धतीने लिहिलेली असतात: १०३ म्हणजे २०१४, त्यात १९११ मिळवायचे. उतारे चांगले असतात. जाहिरात, वेळापत्रक, तक्ता, दोन मित्रांचे निरोप, छोटी बातमी, एखाद्या प्राण्याची किंवा शोधाची माहिती. अधोरेखित शब्दाचा अर्थ मागच्यापुढच्या मजकुरावरून ओळखा, हे सर्वनाम कुणासाठी आलंय सांगा, लेखक पुढे काय म्हणेल, असे प्रश्न. पाठांतराने सुटणारं त्यात फार थोडं असतं.

या पेपरांनीच मला दाखवलं की मुलाची खरी अडचण शब्दांच्या पलीकडे होती. साधं वाक्य घ्या: ‘द मॅन हू लिव्ह्ज नेक्स्ट टू द बेकरी कॉल्ड द पोलीस’. पोलिसांना कुणी बोलावलं? तो म्हणाला, बेकरीने. क्रियापदाला चिकटून आलेलं नाम त्याने उचललं. एकूण एक शब्द त्याला येत होता.

इथे मराठी माणसाला एक सोय आहे, आणि ती मी पुरेपूर वापरते. चिनीत हे वाक्य ‘बेकरीशेजारी राहणारा माणूस’ असं येतं. आधी सगळं वर्णन, मग चिनीतला ‘द’ (इंग्रजी ‘द’ नव्हे) हा छोटा प्रत्ययासारखा शब्द, आणि शेवटी माणूस. आपल्या मराठीसारखंच. ‘काल आलेला पाहुणा’, ‘आईने केलेली भाजी’: आपणही वर्णन नामाच्या आधी संपवतो. इंग्रजीत माणूस आधी येतो, वर्णन मागून लटकतं, आणि क्रियापद येईपर्यंत मूळ कर्ता डोक्यात धरून ठेवावा लागतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्या शिक्षकाला यात अवघड काय ते चटकन जाणवणार नाही. आपण शाळेत याच ठिकाणी अडखळलेलो असतो. मी मुलांना पेन्सिलने कंस करायला लावते. ‘हू’पासून ‘बेकरी’पर्यंत कंस, आणि कंसाबाहेर जे उरलं ते आधी वाचायचं: माणसाने पोलिसांना बोलावलं. मग कंसातलं. सुरुवातीला दोघांनाही कंस कुठे बंद करायचा ते कळत नव्हतं. दुसरं क्रियापद दिसलं की त्याच्या आधी थांब, एवढंच सांगितलं. आता मुलगी बहुतेक वाक्यांत कंस न करताच वाचते, मुलगा लांब वाक्यात अजून करतो आणि करू दे.

असंच ‘नॉट अन्टिल’चं. ‘ही डिडन्ट कम होम अन्टिल नाइन’ वाचून दोघंही म्हणाली, तो घरी आला नाही. त्या ‘नॉट’ला घट्ट धरून बसली. चिनीत हाच आशय सहसा ‘त्साय’ हा शब्द घालून होकारार्थी सांगतात, नऊला कुठे तो आला, अशा धर्तीवर. आपल्याकडे दोन्ही चालतं: ‘नऊ वाजल्याशिवाय आला नाही’ आणि ‘नऊला आला एकदाचा’. मी त्यांना घड्याळाची रेघ काढून आठला कुठे, साडेनऊला कुठे, असं विचारते. ‘हार्डली’, ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांनाही तोच खाक्या. असे प्रश्न मी पेपरांतून वेगळे काढून ठेवले आहेत, कारण प्रत्येक मुलाला कधी ना कधी ते लागतात.

काळाचा घोळ मात्र मी अपेक्षा केली होती त्याहून कमी निघाला. चिनीत क्रियापदाचं रूप बदलत नाही, त्यामुळे लिहिताना मुलं ‘गो’ आणि ‘वेन्ट’ची सरमिसळ करतात, पण वाचताना ‘यस्टरडे’सारखे शब्द बघून सावरतात. वाचनासाठी त्यावर फार वेळ घालवू नये असं माझं मत झालंय.

‘कूल इंग्लिश’ हेही शिक्षण मंत्रालयाच्या मदतीने त्याच नॉर्मल विद्यापीठाने चालवलेलं, फुकट, खातं उघडलं की झालं. प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक असे टप्पे आहेत. आठवीतल्या मुलीला त्याचा चांगला उपयोग झाला, कारण तिला जुने पेपर अजून जड जात होते आणि तिच्या पातळीचे छोटे उतारे तिथे मिळाले. नववीच्या मुलाने आठवडाभर पाहिलं आणि पेपरांकडे परतला. पातळी खाली ठेवण्याचं कारण सांगते. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांच्या कामातून पुढे आलेला आडाखा असा की मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नासात एक अनोळखी. मुलीला जुन्या पेपरात ओळीला एक अनोळखी शब्द भेटत होता. तशा मजकुरावर वाचनाचा सराव होतच नाही, शब्दकोश चाळणं होतं.

चित्रांवरून शब्द शिकवणारं एक ॲपही त्यांच्या आईने वर्षाची वर्गणी भरून घेतलं होतं. नाव लिहीत नाही. चार चित्रांतून एक निवडायचं, सलग दिवस मोजले जातात, मुलाला मजा येते. मुलगी त्यात रोज पूर्ण गुण मिळवायची, आणि तेच शब्द उताऱ्यात आले की ‘लाओशी (बाई), हा कुठला?’ असं मलाच विचारायची. चार चित्रांतून बरोबर उचलणं आणि कोऱ्या ओळीत शब्द ओळखणं ही निराळी कामं आहेत. पैसे गेले याचं मला वाईट वाटतं, कारण त्या घरात ते सहज आलेले नव्हते. फुकटात मिळणारी साधनं आधी महिनाभर वापरून बघा, मग काय ते विकत घ्या.

हे सगळं तैवानपुरतं आहे. हाँगकाँगच्या डीएसईत, म्हणजे तिथल्या शालान्त परीक्षेत, वाचनाचा पेपर बराच लांब असतो आणि पुष्कळ उत्तरं स्वतः लिहावी लागतात, तिथे नुसता बहुपर्यायी प्रश्नांचा सराव कमी पडेल. चीनच्या काओखाओत, म्हणजे विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत, गाळलेल्या जागा भरण्याचे आणि सात वाक्यांतून पाच निवडून उताऱ्यात बसवण्याचे प्रश्न असतात, त्यांची तयारी वेगळी. कंसाची युक्ती आणि वाक्यासकट कार्ड हे मात्र कुठल्याही चिनी बोलणाऱ्या मुलाला लागू पडावं, कारण अडचण भाषेच्या घडणीतली आहे.

पेपर पडद्यावर न सोडवता छापून घ्या. परीक्षा कागदावर असते, आणि पेन्सिलीने कंस करायला कागदच लागतो. सर्वांत अलीकडच्या दोन वर्षांचे पेपर हात न लावता बाजूला ठेवा आणि एप्रिलमध्ये घड्याळ लावून, मध्ये न उठता, ६० मिनिटांत सोडवायला द्या. आमचे दोन्ही पाकिटात बंद आहेत.