शिडाच्या बोटीवर साडेतीन महिने : चेसापीक ते फ्लोरिडा, वापरानंतरचा अनुभव

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॉरफोक ते फ्लोरिडातील व्हेरो बीच या ९५२ मैलांच्या जलमार्गावर आमच्या बोटीचे इंजिन १६१ तास चालले आणि इंजिन बंद करून केवळ शिडांच्या बळावर आम्ही १४ तास गेलो. शिडाची बोट घेऊन शरदात दक्षिणेकडे जाण्याची इच्छा असलेल्या प्रत्येकाने हे दोन आकडे आधी वाचावेत. नागपूरला परतल्यापासून भेटणारा प्रत्येक जण वाऱ्यावर जाताना कसे वाटते असे विचारतो आणि मला डिझेलच्या फिल्टरविषयी बोलावे लागते, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे.

बोट माझ्या धाकट्या भावाची आहे. तो अमेरिकेत मेरीलँडमध्ये स्थायिक आहे आणि निवृत्त झाल्यावर त्याने १९८६ साली बांधलेली, ३४ फूट लांबीची, फायबरग्लासची वापरलेली बोट विकत घेतली. तिचा तळ पाण्याखाली पाच फूट जातो आणि डोलकाठीचे टोक पाण्यापासून ५१ फूट उंच आहे. मी ३१ वर्षे औष्णिक वीज केंद्रात देखभालीचे काम केले. समुद्राशी माझा संबंध सुटीत गणपतीपुळ्याला जाण्यापुरता. मी, पत्नी आणि भाऊ असे तिघे सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत तिच्यावर राहिलो. आमच्या नागपुरातल्या धंतोलीच्या घराचे स्वयंपाकघर या बोटीच्या राहण्याच्या संपूर्ण जागेपेक्षा मोठे आहे, एवढे सांगितले की जागेविषयी आणखी काही सांगायला नको.

शरदात निघायचे म्हणजे दोन बाजूंनी चेपले जायचे. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो आणि आमच्या विम्याच्या करारात १ नोव्हेंबरपूर्वी ठरावीक अक्षांशाच्या दक्षिणेला गेल्यास वादळाने झालेल्या नुकसानीची भरपाई मिळणार नाही असे स्पष्ट लिहिले होते. त्यामुळे घाई करता येत नाही, आणि थांबावे तर उत्तरेकडून थंडी मागे लागते, दिवस रोज दोन मिनिटांनी आखडतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे तासाने मागे घेतली की संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडू लागतो. हा जलमार्ग अंधारात चालण्याजोगा नाही, त्यामुळे प्रवासाला दिवसाचे आठ तास मिळतात. चेसापीक उपसागरातला पहिला महिना मात्र खरोखर सुखाचा होता. वारा असला की शिडे उभारावीत, नसला की एखाद्या खाडीत नांगर टाकून पडून राहावे. कोजागरीला आम्ही डेकवर बसून केशर घातलेले दूध प्यालो आणि त्या रात्री भावाला मी म्हणालो की तुझी बोट उत्तम आहे. ते मत पुढे बदलले नाही, पण त्याला बऱ्याच अटी जोडल्या गेल्या.

नागपूरकराला शून्य मैलाचे कौतुक शिकवावे लागत नाही. किनाऱ्याला समांतर, आतल्या नद्या, खाड्या आणि कालव्यांतून जाणाऱ्या या आंतरकिनारी जलमार्गाचाही शून्य मैल आहे. तो व्हर्जिनियात नॉरफोकजवळ, नदीतील ३६ क्रमांकाच्या बोयापाशी, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेपाशी, धरला जातो. आपल्याकडे झिरो माइलला निदान दगडी स्तंभ आणि घोडे आहेत, तिथे पाण्यावर डोलणारा एक लाल बोया. तिथून मायामीपर्यंत सुमारे १,०९५ मैल होतात, आणि हे मैल रस्त्यावरचे म्हणजे १.६ किलोमीटरचे असतात, तर बोटीचा वेग नॉटमध्ये, म्हणजे १.८५ किलोमीटरच्या सागरी मैलात मोजला जातो. पुलाची उघडण्याची वेळ गाठायची असेल तर हा हिशेब तोंडपाठ पाहिजे. मी पहिल्याच आठवड्यात तो चुकवला आणि तासाला एकदाच उघडणाऱ्या पुलासमोर, मागून प्रवाह ढकलत असताना, पन्नास मिनिटे गोल गोल फिरत राहावे लागले. न उघडणारे पूल साधारण ६५ फूट उंच ठेवलेले आहेत, त्यामुळे ५१ फुटांच्या डोलकाठीला अडचण येत नाही. तरीही पहिल्या पुलाखालून जाताना खालून पाहणाऱ्याला डोलकाठी आता आदळणारच असे वाटते. पत्नीने डोळे मिटून घेतले होते आणि मीही फार वेगळा नव्हतो.

शून्य मैलानंतर आम्ही डिस्मल स्वॉम्प कालव्याचा रस्ता घेतला. १८०५ साली वाहतुकीला खुला झालेला हा कालवा गुलाम मजुरांनी हातांनी खणलेला आहे, हे तिथून जाताना विसरता येत नाही, कारण काठ अगदी हाताशी असतात. झाडांतून उतरणाऱ्या टॅनिनमुळे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे असते आणि बोटीच्या पुढच्या पांढऱ्या टोकावर त्याचा तपकिरी डाग चढतो. दक्षिणेकडे निघालेल्या बोटी त्याला मिशी म्हणतात. पाण्यात बुडालेले ओंडके दोनदा तळाला लागले. दिवाळीला आम्ही उत्तर कॅरोलिनातील एलिझाबेथ सिटीत होतो. आकाशकंदील नव्हता, म्हणून डोलकाठीच्या टोकावर नांगराचा पांढरा दिवा लावला आणि खाली मेणबत्तीऐवजी बॅटरीवरच्या पणत्या, कारण बोटीवर उघडी ज्योत शक्यतो नको.

आता मूळ तक्रारीकडे येतो. कालवे, अरुंद नद्या आणि दलदलीतून कापलेले मार्ग यांत शिडे वापरायला जागाच नसते. जिथे जागा मिळते त्या अल्बेमार्ल साउंडसारख्या उथळ, विस्तीर्ण पाण्यात वारा वाढला की आखूड आणि उभ्या लाटा उठतात. थंड हवेचा पट्टा सरकला की उत्तरेचा वारा मिळतो, तो दक्षिणेला जाण्यासाठी अनुकूल, पण त्याच वाऱ्यात हातापायांची बोटे बधिर होतात. बाहेरून, समुद्रातून जाणारे अनुभवी लोक आहेत. आमच्या तिघांच्या वयात आणि अनुभवात ते बसत नव्हते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की या प्रवासासाठी बोट निवडताना शिडांची अवस्था दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी आणि इंजिनाची पहिल्या.

इंजिनाने आम्हाला एकदाच दगा दिला. दक्षिण कॅरोलिनातील वॅकमॉ नदीत, दोन्ही काठांना पाण्यात उभी सायप्रसची झाडे असलेल्या या प्रवासातल्या सर्वांत देखण्या पट्ट्यात, तापमानाचा काटा चढू लागला आणि मागच्या नळीतून पाण्याऐवजी वाफ येऊ लागली. नांगर टाकून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप उघडला, तर त्यातील रबरी इंपेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्राच्या, सहा पात्यांपैकी दोन गायब होती. नवीन इंपेलर बसवणे हे वीस मिनिटांचे काम, परंतु तुटलेली पाती पुढे कुठेतरी अडकलेली असणार आणि ती काढली नाहीत तर इंजिन पुन्हा तापणार, हे मला वीज केंद्रातील कंडेन्सरने शिकवलेले होते. उष्णता विनिमयकाचे झाकण काढल्यावर नळ्यांच्या तोंडाशी एक पाते सापडले. दुसऱ्यासाठी दीड तास गेला. बोट विकणाऱ्याने हा पंप त्याच वर्षी दुरुस्त केल्याचे सांगितले होते. तपासणी करणाऱ्याच्या अहवालात त्याचा उल्लेखही नव्हता, आणि त्या अहवालासाठी भावाने चांगले पैसे मोजले होते.

पाण्याखालच्या, बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून तळाबाहेर जातो तिथला ग्लँड, म्हणजे पाणी अडवणारे पॅकिंग आवळून धरणारा भाग, ही मला बोटीवरची सर्वांत ओळखीची गोष्ट वाटली. दांडा फिरत असताना तिथून मिनिटाला काही थेंब पाणी आत आलेच पाहिजे, कारण त्या पाण्यानेच पॅकिंग थंड राहते. भाऊ पहिल्या दिवशी ते थेंब पाहून नट आवळायला निघाला होता. मी त्याला हात धरून थांबवले. आमच्या विभागात याच उत्साहापायी जळलेली पॅकिंग मी किती बदलली असतील याची गणती नाही.

ज्याने आयुष्यभर वीज मेगावॉटमध्ये मोजली त्याने अँपिअर-तासांत, म्हणजे बॅटरीतील साठ्याच्या मापात, जगायला शिकणे ही गंमतीची शिक्षा आहे. आमच्याकडे २२० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटऱ्या होत्या. त्यांचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वीज वापरायची. त्यांतील पन्नास-साठ रोज एकटा फ्रिज खातो. २०० वॉटचे सौर पॅनेल सप्टेंबरमध्ये तेवढे देत होते, पण नोव्हेंबरात सूर्य खाली उतरला आणि शिडाच्या आडव्या दांड्याची सावली पॅनेलवर पडू लागली तेव्हा उत्पादन जवळजवळ अर्ध्यावर आले. पाण्याची टाकी २०० लिटरची. नागपूरच्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या बाईला पाणी पुरवून वापरायला कुणी शिकवावे लागत नाही. पत्नीने तिघांचा दिवस वीस लिटरांत बसवला. खरी अडचण मैल्याच्या टाकीची. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत मैला पाण्यात सोडण्यास मनाई आहे, टाकी ७५ लिटरची, आणि ती आठवड्यात भरते. त्यामुळे पुढचा मुक्काम कुठे करायचा हे निसर्गसौंदर्यावर नव्हे, टाकी उपसून घेण्याची सोय कुठे आहे त्यावर ठरते.

जॉर्जियात भरती-ओहोटीतला फरक सात ते नऊ फूट असतो. भाऊ मोबाइलवर भरतीच्या वेळा पाहत असे आणि पत्नी नागपूरहून आणलेल्या दिनदर्शिकेत तिथी पाहून आज उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती) ते सांगत असे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग, हे गणित अटलांटिकच्या काठीही चालते. त्रिपुरी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी आम्हाला जेकिल क्रीक नावाचा उथळ पट्टा ओलांडायचा होता. तो भरतीच्या सुमारासच पार करावा हे सर्वांना ठाऊक होते, पण सकाळी चहा लांबला, नांगराची साखळी चिखलाने माखलेली वर आली आणि ती धुण्याचा आग्रह मी धरला. भरती उलटून दोन तास झाल्यावर आम्ही तिथे पोहोचलो आणि बोट इतक्या अलगद थांबली की क्षणभर कुणालाच कळले नाही. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात. उलटल्यावर दोन तासांनी रुतलेली बोट पुढच्या भरतीच्या दोन तास आधी सुटणार, म्हणजे साडेआठ तास. तळाखाली मऊ चिखल असल्याने ओढून काढणाऱ्यांना बोलावले नाही. पाणी उतरत गेले तशी बोट एका कुशीवर कलत गेली, भांडी पत्नीने आधीच चादरीत बांधून ठेवली होती, आणि दुपारचे जेवण आम्ही भिंतीवर बसून केले, कारण त्या वेळी भिंतच जमीन झाली होती. भाऊ एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी बोट तरंगल्यावर मात्र म्हणाला, "दादा, साखळी स्वच्छ झाली ना?"

थंडीविषयी मी बेफिकीर होतो, कारण डिसेंबरातले नागपूर काही उबदार नसते. पण घरातली थंडी कोरडी असते. बोटीत तिघांचा श्वास आणि स्वयंपाकाची वाफ थंड फायबरग्लासवर जमते आणि पहाटे उशीवर थेंब पडू लागतात. गाद्यांच्या खालच्या बाजूला बुरशी आली, चामड्याचे पाकीट हिरवे पडले. धक्क्यावर वीज मिळाली तर साधा हीटर चालतो, मात्र धक्क्याचे भाडे रात्रीला फुटामागे दोन ते तीन डॉलर, आणि बोट ३४ फूट. नॉरफोक ते व्हेरो बीचच्या सेहेचाळीस रात्रींपैकी नऊच रात्री आम्ही तो खर्च केला. डिझेलवर चालणारा हीटर बसवायला भाऊ तयार नव्हता, दक्षिणेलाच तर चाललो आहोत असे त्याचे म्हणणे. दक्षिण कॅरोलिनात केबिनमध्ये सहा अंश पाहिल्यावर त्याने मत बदलले, पण तेव्हा बसवून देणारा मिळेना.

बोटीवरील सर्वांत उपयोगी वस्तू कोणती, असे विचाराल तर तीन लिटरचा प्रेशर कुकर. झाकण बंद असल्याने हेलकाव्यात काही सांडत नाही, गॅस वाचतो, वाफ कमी होते आणि वरण-भात एकाच वेळी होतो. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तळाशी साठतो, म्हणून स्वयंपाक झाला की सिलिंडरपाशीच पुरवठा बंद करण्याची शिस्त पाळावी लागते. सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईची कोथिंबीर, तिसऱ्या दिवसापलीकडे टिकत नाही, आणि सावजी मसाल्याचा वास केबिनमधून आठवडाभर जात नाही. तो प्रयोग एकदाच केला.

सेंट ऑगस्टीनला पोहोचल्यावर आठवडाभर थांबलो, तिथे स्वेटर उतरले, आणि १२ डिसेंबरला व्हेरो बीचला बोट बांधली. एकूण डिझेल सुमारे ४०० लिटर लागले. ज्यांना दुरुस्तीचा कंटाळा आहे किंवा ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी या वाटेला जाऊ नये. दिवसातून तीस वेळा चार पायऱ्यांची शिडी चढावी-उतरावी लागते. मी पुन्हा जाणार आहे. पत्नीने हीटर बसवल्याची पावती पाहिल्याशिवाय तिकीट काढायचे नाही असे कळवले आहे, आणि भावाने उत्तरादाखल येताना आणायच्या वस्तूंची यादी पाठवली आहे, तिच्यात पहिल्याच ओळीवर कुकरच्या दोन रबरी रिंगा आहेत.