कसबा बावड्याचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र : नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्याचा अभिप्राय

शिरोळ तालुक्यात राहणाऱ्या माणसाला कोल्हापूरचे सांडपाणी ही परक्या गावाची गोष्ट वाटत नाही. पंचगंगेत वर जे सोडले जाते, तेच तेरवाडच्या बंधाऱ्याशी येऊन साचते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीचा गालिचा पसरतो, काही वेळा मेलेल्या माशांचा थर दिसतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीने घेतलेले बळी आमच्या भागात अजून कुणी विसरलेले नाही. म्हणूनच महापालिकेचे कसबा बावड्याचे केंद्र मी परवानगी काढून पाहिले, ते त्याच्या सेवेचा थेट लाभार्थी म्हणून.

या केंद्राची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर आहे. शहराचे मैलापाणी वाहून आणणारा जयंती नाला नदीला मिळण्याआधी बंधारा घालून अडवलेला असून, तेथून ते पाणी पंपांनी उपसून बावड्याला आणले जाते. दुधाळी नाल्यासाठी १७ दशलक्ष लिटरचे वेगळे केंद्र आहे.

पहिला थांबा जाळीचा. तिथे अडकलेल्या शाम्पूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटे, केसांचे गुंतवळे आणि लहान मुलाची एक चप्पल पाहताना, हे सारे कुणाच्या ना कुणाच्या मोरीतून किंवा गटारातून आलेले आहे, या विचाराने मन खिन्न झाले. दुर्गंधी जाणवली ती एवढ्याच भागात. रेती खाली बसवल्यावर पाणी मोठ्या टाक्यांत जाते आणि खरे काम सुरू होते. एकाच टाकीत पाणी भरणे, त्यात हवा सोडणे, ते स्थिर ठेवणे आणि वरची निवळ काढून घेणे, अशा पाळ्या इथे एकापाठोपाठ एक चालतात. हवा सोडणारे यंत्र, म्हणजे ब्लोअर, चालू असताना टाकीतले तपकिरी पाणी अक्षरशः खदखदते. तिथल्या कर्मचाऱ्याने त्यातले लिटरभर पाणी काचेच्या नळकांड्यात भरून माझ्यासमोर ठेवले. अर्ध्या तासात गाळ पिंजलेल्या कापसासारखा खाली बसला आणि वर नितळ पाणी उरले. त्या क्षणी माझ्या मनात आदर दाटून आला.

हा गाळ म्हणजे जिवाणूंची वस्ती. मैल्यातली घाण तेच खातात आणि त्यासाठी त्यांना हवा लागते. हेच पाणी कच्चे नदीत गेले, तर जिवाणू तिथेही तेच काम करतात, पण माशांच्या वाट्याचा प्राणवायू संपवून. बीओडीचा, म्हणजे जिवाणूंना घाण पचवायला लागणाऱ्या प्राणवायूचा, आकडा मोजतो तो हाच ताण : घरगुती मैलापाण्यात तो लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असू शकतो, आणि प्रक्रियेनंतर तो १० पर्यंत खाली आणावा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सांगितले. ब्लोअरला वीज मात्र अखंड लागते. ती फार वेळ गेली, तर टाकीतले जिवाणूच गुदमरतात, त्यामुळे अशा केंद्राच्या वीजबिलात काटकसर करण्याचा विचारसुद्धा मला घातक वाटतो.

टाकीच्या आतल्या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. नदीच्या रक्षणाला तेवढे देता येत नाहीत, आणि त्याचे कारण केंद्राच्या कुंपणाबाहेर आहे. जयंती नाला मैल्याबरोबर पावसाचे पाणीही आणतो, आणि उपशाच्या ताकदीपलीकडे पाणी वाढले की ते बंधाऱ्यावरून थेट पंचगंगेत पडते. जे बावड्यापर्यंत पोहोचतच नाही, त्याचे शुद्धीकरण हे केंद्र कसे करणार? नदीकाठच्या गावांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे रंगीत पाणी यांची व्यवस्था तर पूर्णपणे वेगळी लागते. घरगुती ड्रेनेजच्या जोडण्या वाढवणे आणि पावसाचे पाणी मैल्यापासून वेगळे वाहू देणे, या दोन कामांवर खर्च झाला, तर आहे याच यंत्रणेचा उपयोग आम्हा खालच्या गावांना कितीतरी अधिक होईल.

शाळांनी मुलांना इथे अवश्य न्यावे. जाळी आणि काचेचे नळकांडे ही दोन ठिकाणे चुकवू नयेत. मोठ्यांनी मात्र वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की आधी जयंतीच्या बंधाऱ्यावर उभे राहून किती पाणी वरून जाते ते पाहावे, आणि मग बावड्याला यावे.