आमच्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना: ६०० रुपयांत चार महिने

चेंबूर स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचं दोन खोल्यांचं वाचनालय आहे. तिथल्या दिवाळी अंक योजनेचं हे माझं तिसरं वर्ष. ६०० रुपये वर्गणी, वर ३०० अनामत. फेब्रुवारीअखेरपर्यंत एका वेळी दोन अंक घरी न्यायचे. गेल्या वर्षी माझे ३१ वाचून झाले. तेवढे विकत घेणं मला परवडलंच नसतं.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. तेव्हापासून लोक अंक उघडतात ते बहुधा कथेसाठी. मी अनुक्रमणिकेत आधी कधीच न ऐकलेली नावं शोधते. आयुष्यभर एकच काम केलेली माणसं स्वतःबद्दल लिहितात, तिथे मला खजिना सापडतो.

खाडीकाठी वाढलेल्या एका शिक्षकांचा लेख अजून मनातून जात नाही. लहानपणी ते खाडीतल्या तिवराच्या झाडाचं पान जिभेला लावून बघायचे. खारट लागायचं. तिवर मुळांवाटे खाऱ्या पाण्यातलं बरंचसं मीठ बाहेरच अडवतो आणि आत आलेलं पानांवरच्या ग्रंथींतून टाकून देतो. चिखलात हवा नसते, म्हणून त्याची मुळं पेन्सिलीसारखी वर येऊन श्वास घेतात. मी कामाला वाशीला जाते. मानखुर्द सुटलं की खाडीपुलावर रोज तीच झाडं दिसायची आणि बारा वर्षं मी मोबाईलमध्ये बघत होते! आता ओहोटी असली की दारापाशी उभी राहते. एकदा शेजारच्या बाईंनाही मुळं दाखवली.

दुसरा लेख एका निवृत्त भूलतज्ज्ञ बाईंचा. बोटाला लावतात तो चिमटा नखातून प्रकाश सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. गडद नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो. आईच्या ऑपरेशनआधी नर्सनी तिची नखं का पुसायला लावली, ते तेव्हा कळलं.

तक्रारी आहेत. नावाजलेल्या अंकांची एकच प्रत घेतात, त्यामुळे नंबर लागायला जानेवारी उजाडतो. वाचनालय संध्याकाळी साडेसातला बंद होतं. लोकल रखडली की माझी फेरी फुकट जाते. आठवड्यातून दोन दिवस तरी नऊपर्यंत उघडं ठेवावं, असं मी वहीत लिहून आले आहे.

पण काउंटरवरच्या काकांसाठी मी हे सगळं चालवून घेते. कोणी काय वाचलं, काय आवडलं, हे त्यांच्या लक्षात असतं. “ताई, तुमच्या तिवरवाल्यांसारखंच आहे, हा न्या,” म्हणून त्यांनी एक पातळसा, जाहिरातीसुद्धा धड नसलेला अंक हातात ठेवला होता. मी तो स्वतःहून कधीच उचलला नसता. त्यातला विहिरी खणणाऱ्या माणसाचा लेख मी दोनदा वाचला.

शुक्रवारी अंक बदलायला जायचंय. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका बाईंचा लेख काकांनी बाजूला काढून ठेवलाय.