पंप न खोलता गाडी मार्गी लावणारी पंपाची लॅब

कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल पंप-नोझलची, म्हणजे इंजिनला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाची आणि ते आत फवारणाऱ्या नोझलची, कामं करणारी बरीच दुकानं आहेत. त्यांतल्या आतल्या गल्लीतल्या, दोन शटरच्या एका लॅबबद्दल लिहितोय. कोकणातून आंबा-काजू भरून घाट चढणाऱ्या जुन्या पिकअपवाल्यांनी जरूर वाचावं. आपल्याकडे गाडी चढाला मेली की पहिली कुऱ्हाड पंपावर पडते आणि पंधरा-अठरा हजारांना फोडणी बसते.

माझी गाडी कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच नळीतून प्रचंड दाबाचं डिझेल देणारी नवी पद्धत) आधीची, रोटरी पंपाची. डिझेल ओढायला वेगळा फीड पंप नाही. पंपाच्या पोटातला व्हेन पंपच (पात्यांचा छोटा पंप) टाकीतून फिल्टरमार्गे डिझेल ओढून घेतो. मोकळी गाडी घाटाच्या पायथ्याच्या साखरप्यापर्यंत काही तक्रार करायची नाही. पण पेट्या भरून रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावरच्या आंबा घाटाला लागलं की दुसऱ्या गिअरमध्ये ओढ तुटायची, हिसके बसायचे आणि इंजिन बंद. फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप दाबला की चालू व्हायची, थोडी वळणं जायची, पुन्हा तेच. सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागायचा आणि सुरुवातीला पांढरा धूर. एवढं असून खाली डिझेलचा एक थेंब नाही. आमच्या बाजूच्या एका गॅरेजने फिल्टर बदलला, एअर (लाइनमध्ये अडकलेली हवा) काढली, आणि तरी फरक पडेना म्हटल्यावर पंप गेला असं सांगून मोकळे झाले.

लॅबच्या मालकांना सगळे मामाच म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "डिझेल गळतंय काय कुठं?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग हवा घेत असंल. पंप काढायचा न्हाई अजून, पाव्हणं. आधी त्याला धड डिझेल मिळतंय का बघू या की."

पंप उघडण्यावरच ज्यांचं पोट आहे, त्या माणसाने हे म्हणावं याचं मला फार मोल वाटतं.

मग त्यांनी टाकी आणि तिची लाइन पूर्ण बाजूला काढली. स्वच्छ डिझेलचा कॅन सायलेन्सरपासून लांब, इंजिनपेक्षा उंच जागी पक्का बांधला आणि त्याचा पाइप थेट फिल्टरच्या इनलेटला दिला. माल बाजारात उतरला होता, म्हणून शेजारच्या शेडमधल्या कास्टिंगच्या पेट्या हौद्यात चढवल्या आणि गाडी जोतिबाच्या चढाला घेतली. वरपर्यंत एकदाही ओढ तुटली नाही. तेवढ्यात निकाल लागला: पंप ठणठणीत, दोष फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला. ही तपासणी कोणालाही करता येते आणि तिला खर्च नाही. तरी घाईत कोणी करत नाही, आणि खरं दुखणं तिथेच राहतं.

परत येऊन कॅन काढला, लाइन पूर्ववत जोडली आणि फिल्टर व पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक पाइप टाकला. इंजिन रेस केल्यावर त्यात बुडबुड्यांची माळ दिसली. मग तोच तुकडा एकेक जोड मागे सरकवत नेला. चेसिसवरच्या लोखंडी नळीला रबरी होज जिथे बसतो, त्याच्या पुढे बुडबुडे होते, मागे नव्हते. क्लिप सोडली तर खाली होजला बारीक चीर. ही बाजू ओढीची असल्याने चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्रभर गाडी उभी राहिली की तीच हवा आत शिरून डिझेल टाकीकडे उतरतं, म्हणून सकाळचा त्रास.

मला वाटलं झालं. मामा टाकीकडे वळले. फ्लोटचं (डिझेलची पातळी दाखवणारं) युनिट बाहेर काढलं तर तळाच्या जाळीवर गंज आणि काळा बुळबुळीत चोथा. पावसाळ्यात आमची गाडी फारशी चालत नाही, टाकी अर्धी असते, दमट हवेचं पाणी आत साचतं आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात, त्याचा हा थर. जाळी तुंबली की पंपाला जास्त जोर लावून ओढावं लागतं, आणि जितकी ओढ वाढते तितकी चिरेतून हवा जास्त येते. चढाला इंजिन सर्वांत जास्त डिझेल मागतं, म्हणून घाटातच बंद पडणं. नुसता होज बदलून पाठवलं असतं तर पुढच्या मोसमात मी परत त्यांच्या दारात असतो. टाकी धुतली, जाळी साफ केली, टोपणाचं भोकही मोकळं केलं. ते बुजलं तर टाकीत व्हॅक्यूम धरतो आणि लक्षणं अशीच दिसतात.

नोझल तपासून घ्यायचा आग्रह माझा. हाताच्या टेस्टरवर तीन नोझल धुक्यासारखे फवारत होते, चौथा ठिबकत होता. तो एकच बदलला, शिम (पातळ चकती) टाकून प्रेशर बसवलं, बसवताना चारही कॉपर वॉशर नवे. नवा नोझल डबी माझ्यासमोर फोडून दाखवला. बॉशच्या मालाला इथे अजून सगळे 'मायको'च म्हणतात, बंगळूरची ती 1951 ची कंपनी 2008 पासून बॉश नावाने असली तरी.

होज, क्लिपा, टाकी धुणं आणि मजुरी मिळून हजाराच्या आत, नोझलचे वेगळे. त्यानंतर पूर्ण भरलेली गाडी आंबा घाट न थांबता चढते.

उणीव सांगायची तर मामा फोन उचलत नाहीत, आणि बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. बसायला जागा नाही. टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या यंत्रावर) दुसऱ्याचा पंप चढलेला असेल, काचेच्या नळ्यांत हजार स्ट्रोकचं डिझेल मोजलं जात असेल, तर ते संपेपर्यंत तुमच्याकडे बघणारही नाहीत. मला त्याचा राग आला नाही, पण मुक्कामाची तयारी ठेवून जा. कॉमन रेलची गाडी इथे घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्या लाइनमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, तिथे जुन्या गाडीसारखा नट ढिला करून एअर काढायला गेलं तर हात जायबंदी होईल.

जाताना फिल्टर शेवटचा कधी बदलला ते लिहून न्या, आणि टाकी पाव भरलेलीच ठेवा. भरलेली असली तर उतरवून घेण्यातच अर्धा दिवस जातो.