एबीएस शीटमधलं स्टॉर्मट्रूपर हेल्मेट: हिवाळ्यापासून तान्ह्या पोळ्यापर्यंतचा अनुभव

कॉस्प्लेचं, म्हणजे सिनेमातल्या पात्राचा वेश करताना घालायचं हेल्मेट कशाचं करावं, असं नागपुरातल्या कुणी विचारलं की मी उलट विचारते, मे महिन्यात ते ठेवणार कुठे? हुबेहूब दिसण्याचा प्रश्न त्यानंतर येतो. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या स्टॉर्मट्रूपरचं, म्हणजे पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकाचं हेल्मेट मी २.५ मिमी जाडीच्या पांढऱ्या एबीएस या प्लास्टिकच्या शीटमध्ये करून घेतलं. हिवाळ्यात ते पूर्ण झालं. तेव्हापासून ऊन, पाऊस, रेल्वेचा प्रवास आणि लहान मुलांचे हात, सगळं त्याने सोसलं आहे, म्हणून आता खात्रीने लिहिते.

आपल्याकडे बहुतेक जण थ्रीडी प्रिंटपासून सुरुवात करतात आणि प्लास्टिकच्या तारेचं रीळ घेतात पीएलए या प्लास्टिकचं. छापायला सोपं आणि स्वस्त, पण ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं. बाहेर ४५ अंश असताना काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्ड त्याच्याही पुढे जातो. माझ्या मावसभावाचं पीएलएचं हेल्मेट नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गाडीच्या मागच्या काचेखाली राहिलं आणि एका दुपारीत कपाळाची कड खाली बसली, तोंडाशी असलेली दातांची रांग तिरपी झाली. माझं त्याच गाडीत, त्याच काचेखाली, शेजारीच होतं. त्याला काहीही झालं नाही, कारण एबीएसला मऊ पडायला १०० अंशांच्या जवळपास लागतात. छापूनच करायचं असेल तर निदान पीईटीजी हे प्लास्टिक घ्या, ते ८० अंशांपर्यंत तग धरतं.

शिवाय सिनेमातली मूळ हेल्मेटंही छापलेली किंवा ओतलेली नव्हती. १९७६मध्ये इंग्लंडमध्ये अँड्र्यू एन्सवर्थ यांनी ती प्लास्टिकची शीट तापवून, साच्यावर व्हॅक्यूमने ओढून बनवली. याच हेल्मेटवरून पुढे कोर्टकचेरी झाली आणि २०११मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉपीराइटच्या कायद्यापुरतं हे काही शिल्प नाही, असा निकाल दिला. कायद्याच्या भाषेत तो बरोबर असेलही, पण साचा घासत बसलेल्या माणसाला तो पटणं अवघड आहे.

ओढलेल्या शीटला जो गुण येतो तो प्रिंटला येत नाही. कडा किंचित गोल होतात, कोपरे भरतात, चकाकी प्लास्टिकची स्वतःची असते. पडद्यावर आपण त्याच गोल कडा आणि तेच भरलेले कोपरे पाहिलेले असतात.

साच्यासाठी मी चितार ओळीतल्या एका मूर्तिकार दादांकडे गेले. प्रिंट केलेल्या नमुन्यावरून त्यांनी प्लास्टरचे भरीव भाग काढून दिले. पीएलएचा नमुना तसाच शीट ओढायच्या मशीनवर ठेवता येत नाही, तापलेली शीट त्यालाच मऊ करते. प्लास्टर पूर्ण वाळू द्यायचं. मग डोळ्यांच्या कोपऱ्यांत, दातांच्या खाचांत आणि हनुवटीच्या दोन्ही नळ्यांच्या मुळाशी १ मिमीच्या ड्रिलने भोकं पाडायची. हवा तिथून ओढली गेली नाही तर शीट खाचेवर ताणून राहते, आत उतरत नाही. मूर्तिकार दादांनी ही भोकं स्वतः पुन्हा तपासली आणि मी सोडलेल्या जागीही दोन-चार पाडून दिली.

शीट ओढली हिंगणा एमआयडीसीत, मिठाईचे ट्रे करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. हीटरखाली शीट आधी लहरते, मग ताठ होते आणि शेवटी मधोमध झोळीसारखी खाली लोंबते. तो क्षण ऑपरेटर काका नुसत्या नजरेने ओळखतात. टेबल वर आलं, व्हॅक्यूम सुरू झाला आणि काही सेकंदांत पांढऱ्या शीटमधून चेहरा वर आला. मी तिथेच टाळ्या वाजवल्या. चेहरा, मागचा भाग आणि दोन्ही कान वेगवेगळे ओढावे लागतात, एका तुकड्यात ओढलं तर साचा आतच अडकतो.

तोटा जाडीचा आहे. खोल भागात शीट ताणली जाते आणि पातळ होते. माझ्या हेल्मेटचा गाल उजेडासमोर धरला तर आतल्या बोटाची सावली दिसते. तिथे मी शीटची कात्रणं असेटोनमध्ये विरघळवून त्याचा लेप आतून दिला, पातळ थरांत आणि मध्ये भरपूर वेळ सोडून, कारण जास्त असेटोनने पातळ भाग स्वतःच ढिला पडतो. तो लेप आजवर कुठेही सुटलेला नाही.

हुबेहूबपणाबद्दल. या सिनेमात हेल्मेटचे दोन प्रकार आहेत. जवळून दिसणाऱ्या ‘हिरो’ हेल्मेटला तोंडाशी प्रत्येक बाजूला चार दात कापलेले आणि डोळ्यांच्या भिंगांना फुगवटा, तर ‘स्टंट’ हेल्मेटला प्रत्येक बाजूला तीन दात आणि सपाट भिंगं. इंटरनेटवर मिळणाऱ्या थ्रीडी प्रिंटच्या बऱ्याच फाइलींत दोन्हींची सरमिसळ असते, तेव्हा आधी दात मोजा. मी स्टंट प्रकार केला. मूळ हेल्मेट डावीकडे-उजवीकडे सारखं नाही. अर्धा भाग करून दुसरीकडे आरसा मारलेली फाइल सुबक दिसते, पण चेहरा परका वाटतो. गालावरचे पट्टेही मूळचे हाताने रंगवलेले आहेत, म्हणून मी स्टिकर टाळले आणि ब्रशने काढले. भिंगांसाठी वेल्डिंगच्या मास्कमधली हिरवी प्लास्टिक शीट वापरली. दिवसा छान दिसतं, संध्याकाळी पायऱ्या उतरताना कुणाचा तरी हात धरावा लागतो.

वापरात सगळ्यात जास्त त्रास वाफेचा. तान्ह्या पोळ्याला आमच्या गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन, नटूनथटून निघाली, त्यांच्यासोबत मी हेल्मेट घालून चालले. पाऊस नुकताच थांबला होता, हवा दमट, आणि घरून निघून कोपऱ्यावर येईपर्यंत दोन्ही भिंगं पांढरी झाली. कपाळाशी बसवलेला ५ व्होल्टचा छोटा ब्लोअर सुरू केल्यावर डोळ्यांपुढचं साफ झालं. तो पॉवर बँकवर चालतो आणि नागपुरात तो हवाच. त्याच्या आवाजात बाहेरचं नीट ऐकू येत नाही, तेवढं लक्षात ठेवा. केस लांब असतील तर अंबाडा मानेजवळ खाली बांधा, वर बांधला तर हेल्मेट पुढे झुकतं आणि भिंगं डोळ्यांसमोर येत नाहीत.

मुंबईला विदर्भ एक्सप्रेसने नेलं, वरच्या बर्थवर उशीच्या बाजूला. कानाचा एक स्क्रू सैल झाला, बाकी ओरखडाही नाही. गळ्याभोवतीची रबरी पट्टी मात्र उन्हाने कडक झाली आणि बदलावी लागली. एबीएस उन्हाने पिवळं पडतं, म्हणून घरात ते कपाटातच असतं. आणि हे घालून कुणीही गाडी चालवू नये. अपघातात हे डोक्याला वाचवणार नाही.

पावसाळ्यात दुसरं ओढून घ्यायला गेले तेव्हा ऑपरेटर काकांनी सरळ नाही म्हटलं. ‘ताई, शीट पावसाळाभर उघडी होती, फोड येतीन. दिवाळी झाल्यावर या.’ एबीएस हवेतला ओलावा शोषतं आणि तापवल्यावर त्याचे बुडबुडे उठतात, त्यामुळे शीट भट्टीत वाळवायची सोय नसेल तर थांबलेलं बरं. साचा अजून शाबूत आहे. हवा कोरडी झाली की मावसभावाचं हेल्मेट त्यावरच ओढणार आहोत, ३ मिमी शीटमध्ये. गालाशी किती जाडी उरते ते तेव्हा कळेल.