एका पुठ्ठ्यात काय शिवायचं? लंडनचं एक जुनं बायबल, एक वेबसाइट आणि एक महागडी फेरी

आधीच सांगते, मी विद्वान नाही. नगरला आमचं बाइंडिंगचं दुकान होतं. दहाव्या वर्षापासून मी फॉर्म मोडायला, म्हणजे छापील तावांच्या घड्या घालायला बसायचे, पुढे अप्पांच्या मागे चाळीस वर्षं दुकान चालवलं. शाळांची हजेरीपत्रकं, कोर्टाची बुकं, आणि आम्ही प्रोटेस्टंट ख्रिस्ती म्हणून गावातल्या मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, बायबलं आणि गीतांची पुस्तकं. मागच्या उन्हाळ्यात मुलाकडे लंडनला तीन महिने होते. तिथे पाहिलेल्या तीन गोष्टींबद्दल लिहिते. दोन फुकट आहेत, एकीला पैसे पडतात. पैशांची सगळ्यात वाईट निघाली.

पहिली, ब्रिटिश लायब्ररी. किंग्ज क्रॉस सेंट पँक्रासला उतरलं की युस्टन रोडवर पाच मिनिटांत लाल विटांची इमारत दिसते. आत खजिन्याची गॅलरी आहे, तिकीट नाही. तिथे ‘कोडेक्स सिनायटिकस’ काचेत ठेवतात. चौथ्या शतकाच्या मध्याच्या सुमाराला ग्रीकमध्ये हाताने लिहिलेलं बायबल. आज हातात असलेला नव्या कराराचा, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाचा, संपूर्ण मजकूर असलेली सगळ्यात जुनी प्रत हीच.

गॅलरीत अंधार असतो. चामड्याच्या पानांना उजेड सोसत नाही, म्हणून तो हवाच. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्यामुळे पहिली दोन मिनिटं काहीच दिसलं नाही. सून म्हणाली, "आई, घाई नाही, उभ्या राहा." मग हळूहळू पान वर आलं. पान जवळजवळ चौकोनी, साधारण 38 सेंटिमीटर उंच आणि 34 रुंद. एका पानावर चार रकाने, एका रकान्यात 48 ओळी. उघडलेल्या पुस्तकात डावीउजवीकडे मिळून आठ रकाने. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, अक्षरं ओळीत एकाला एक लागून. आणि जागोजागी दुरुस्त्या. खोडलेलं, वर लिहिलेलं, समासात घातलेलं. आमच्याकडे प्रूफवाचक होते एक गुरुजी, त्यांची आठवण झाली. या दुरुस्त्या हजारोंनी आहेत आणि कित्येक शतकं चाललेल्या आहेत म्हणे.

पण मला कळलं ते वेगळंच. चामड्याचे चार ताव मधोमध दुमडायचे की आठ पानं होतात, म्हणजे सोळा पृष्ठं. या पुस्तकाच्या बहुतेक घड्या अशा आठ पानांच्या आहेत आणि प्रत्येक घडीला नंबर घातलेला आहे, शिवणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून. सोळा पृष्ठांचा फॉर्म आणि त्यावर फॉर्म नंबर! सोळाशे वर्षं झाली तरी आमचा धंदा तोच आहे. मी काचेसमोर उभी राहून बोटांनी हवेत घडी मोडून दाखवली, तर शेजारचे जपानी आजोबा हसले.

आत्ताची बांधणी जुनी नाही. हे पुस्तक 1933 मध्ये सोव्हिएत सरकारकडून एक लाख पौंडांना विकत घेतलं. त्यातली अर्ध्याहून जास्त रक्कम लोकांच्या वर्गणीतून आली. मग 1935 मध्ये डग्लस कॉकरेल या बाइंडरने ते दोन भागांत नव्याने बांधलं. बाइंडरचं नाव इतिहासात राहिलंय हे वाचून बरं वाटलं. आमच्या धंद्यात नाव राहत नाही, खळीचा वास तेवढा राहतो.

गॅलरीला पाचपैकी पाच. जाण्याआधी चौकशी मात्र करा, कारण ठेवलेल्या वस्तू आणि उघडलेली पानं ते मधूनमधून बदलतात.

आता पैशांची गोष्ट. मुलाने हौसेने एका खासगी टूरवाल्याची फेरी बुक केली होती. नाव लिहीत नाही. माणशी बावीस पौंड, दोन तास, विषय ‘बायबल कसं बनलं’. गाइड तरुण, गोड बोलणारा. त्याने रस्त्यावर उभं राहून सांगितलं की 325 साली निकाया या गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, सगळे बिशप जमले, टेबलावर पुस्तकं मांडली, मतं टाकली, आणि हरलेली पुस्तकं रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने जाळून टाकली.

मी सुनेला म्हटलं, याला विचार, मग आत काचेत ठेवलंय ते काय?

कारण सिनायटिकस निकायानंतरचं धरतात. आणि आजच्या बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, पण त्यात तिथे बायबल संपत नाही. पुढे ‘बर्णबाचं पत्र’ येतं आणि त्यापुढे ‘हर्मासचा मेंढपाळ’, दोन्ही आजच्या बायबलात नाहीत. म्हणजे निकायाला मतं पडून यादी ठरली असती, तर त्यानंतर इतका खर्च करून, इतक्या जनावरांची कातडी लावून बनवलेल्या पुस्तकात ही दोन कशी शिवली गेली असती? गाइड म्हणाला, "गुड क्वेश्चन," आणि आम्हाला पुढच्या चौकात घेऊन गेला. पुढच्या चौकात त्याचं उत्तर नव्हतं, कॉफीचं दुकान होतं.

परत आल्यावर आमच्या पाळकसाहेबांकडून दोन जाड पुस्तकं आणली आणि पावसाळाभर वाचली. निकायाच्या सभेचे वीस नियम आज उपलब्ध आहेत. त्यांत पुस्तकांच्या यादीचा एकही नियम नाही. तिथला मोठा वाद एरियस नावाच्या पाळकाच्या शिकवणीचा होता, ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा की देवाने घडवलेला याचा, शिवाय पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, कधी पाळायचा हा. टेबलाची गोष्ट आली ती पाचशेहून जास्त वर्षांनंतरच्या एका ग्रीक ग्रंथातून. आणि तिथेही मतदान नाहीच. पुस्तकं वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली आणि खोटी पुस्तकं आपोआप खाली गेली, असा चमत्कार सांगितलाय. बावीस पौंडांत निदान तो चमत्कार तरी सांगायचा.

फेरीला एक. तोही पोराच्या हसण्याला.

तिसरी गोष्ट म्हणजे सिनायटिकसची वेबसाइट, आणि खरं कौतुक तिचं. या पुस्तकाची पानं आज चार ठिकाणी विखुरलेली आहेत. लंडनला 347, जर्मनीत लाइपझिगला 43, काही तुकडे रशियात सेंट पीटर्सबर्गला, आणि बाकीची जिथून सगळी आली त्या सिनाय डोंगराच्या पायथ्याच्या सेंट कॅथरीनच्या मठात. मठात तर 1975 मध्ये आणखी पानं सापडली. बाइंडरच्या जिवाला हे फार लागतं. चार घरी चार भाग! चारही जागांनी मिळून 2009 मध्ये सगळी पानं एकत्र लावून वेबसाइटवर ठेवली. जे दोऱ्याने होणार नव्हतं ते असं झालं.

तिथे पान मोठं करून बघता येतं. एक सोय अशी आहे की साध्या उजेडाऐवजी बाजूने पडणाऱ्या तिरक्या उजेडातला फोटो लावता येतो. तो लावला की कातड्याच्या सुरकुत्या आणि रेघा मारताना उमटलेले वळ वर येतात. मी नगरला घरी बसून रात्री एकपर्यंत नुसत्या रेघा बघत होते. मजकूर सगळा ग्रीक, पण काही भागांचं इंग्रजी भाषांतर आहे. ते सुनेने व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं.

मी शोधत होते तो सांधा. प्रकटीकरण संपतं आणि बर्णबा सुरू होतो ती जागा. आमच्याकडे परिशिष्ट असलं की रंगीत कागद घालतात, निदान एक कोरं पान सोडतात. इथे काही नाही. तेच चार रकाने, तोच लेखनिक, पुढे चालू. आता कोणी म्हणेल की शेवटी शिवलंय म्हणजे दुय्यमच मानलं असणार. असेलही. शेवटच्या फॉर्मला काय किंमत असते ते मला विचारा, पहिला तोच सुटतो. आणि हर्मासचं इथे तेच झालंय, पुढची पानं गळालेली आहेत.

बर्णबा वाचून मात्र तो बाहेर का राहिला असेल याचा थोडा अंदाज आला. मोशेच्या नियमशास्त्रातले खाण्याचे नियम खरे खाण्याचे नाहीतच, वागण्याचे आहेत, असं तो लावतो. त्या भरात सांगतो की तरस दर वर्षी नराची मादी आणि मादीचा नर होतो. सून वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, हे रविवारी पुलपिटावरून वाचायचं म्हणजे आमच्या पाळकसाहेबांची पंचाईत! पण गमतीचा भाग सोडला तर तेव्हाची एक कसोटी ही होती, काय मंडळीत मोठ्याने वाचायचं आणि काय घरी.

मंडळीत कुठली पुस्तकं मानायची याची 85 ओळींची एक लॅटिन यादी मिलानच्या एका ग्रंथालयात सापडली. मुराटोरी नावाच्या अभ्यासकाने ती 1740 मध्ये छापली. सुरुवात फाटलेली आहे. ती सर्वसाधारणपणे दुसऱ्या शतकाच्या शेवटची धरतात. त्यात हर्मासबद्दल जे लिहिलंय ते मला फार आवडलं. हे पुस्तक अलीकडेच, आपल्याच काळात, रोम शहरात लिहिलं गेलंय, लिहिणारा बिशप पायसचा भाऊ, तेव्हा ते वाचावं जरूर, पण मंडळीत संदेष्ट्यांमध्ये किंवा प्रेषितांमध्ये बसवून वाचू नये. शिवी नाही, जाळणं नाही. भला माणूस आहे, पण उशिरा आला, एवढंच म्हणणं. पौलाच्या नावावर खोटी पत्रं रचणाऱ्यांना मात्र त्याच यादीत सरळ बाहेर काढलंय. पित्त आणि मध एकत्र कालवू नये, असं म्हटलंय.

आम्हा नगरच्या लोकांना हे समजायला सोपं आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आम्ही उपासनेत गातो, आजी तर चुलीपाशी म्हणायची, डोळ्यांत पाणी यायचं. पण शास्त्रपाठ म्हणून कुणी टिळक वाचत नाही, आणि त्यात टिळकांचा अपमान आहे असंही कुणाला वाटत नाही.

प्रत्येक ठिकाणी असं गोडीत झालं नाही. अंत्युखियाचा बिशप सेरापियन एका गावच्या मंडळीला भेटायला गेला. तिथे ‘पेत्राचं शुभवर्तमान’ वाचावं की नाही, असा प्रश्न निघाला. त्याने न वाचताच वाचा म्हणून सांगितलं. नंतर स्वतः वाचल्यावर त्यात ख्रिस्ताच्या देहाबद्दल वेगळं शिकवलंय असं त्याला दिसलं, आणि त्याने परवानगी मागे घेतली. न वाचता सही करणारे साहेब तेव्हाही होते.

आपण आज मोजतो ती नव्या कराराची बरोबर 27 पुस्तकं एका यादीत पहिल्यांदा दिसतात ती 367 साली, आलेक्झांड्रियाच्या अथनासियसच्या सणानिमित्तच्या पत्रात. निकायानंतर 42 वर्षांनी. तीही मतं घेऊन नव्हे, एका बिशपचं आपल्या मंडळ्यांना पत्र. त्यातही तो वेगळी ओळ काढून सांगतो की काही पुस्तकं यादीत नाहीत, पण नव्याने विश्वासात येणाऱ्यांनी वाचावीत. त्या दुसऱ्या यादीत हर्मास आहे. तोबित आहे. आणि एस्तेरसुद्धा आहे! आज जिचं पुस्तक बायबलात आहे आणि जिच्या नावाची पोरगी आमच्या प्रत्येक गल्लीत आहे ती एस्तेर.

पत्राने सगळीकडे लगेच फरक पडला असंही नाही. ब्रिटिश लायब्ररीकडेच ‘आलेक्झांड्रिनस’ नावाचं असंच दुसरं ग्रीक बायबल आहे, पाचव्या शतकातलं. त्याला अनुक्रमणिका आहे आणि तिच्यात नव्या कराराच्या पुस्तकांपाठोपाठ क्लेमेंटची दोन पत्रं मांडलीत, जी आज बायबलात नाहीत. सीरियन मंडळ्यांच्या जुन्या बायबलात तर 22च पुस्तकं, प्रकटीकरण नाहीच.

पुस्तकं लांब गुंडाळ्यांवर लिहायचे त्या काळात हा प्रश्न एवढा टोचत नसावा असं मला आपलं वाटतं. गुंडाळ्या कपाटात ठेवायच्या, एक काढली, एक ठेवली. पण एकदा सगळं एका पुठ्ठ्यात शिवायचं म्हटलं की आधी काय, नंतर काय आणि काय नाहीच, हे शिवणाऱ्याला दाभण उचलण्याआधी ठरवावं लागतं. विद्वान हसतील, हसू देत.

वेबसाइटला पाच. मोबाइलवर मजा नाही, मोठ्या पडद्यावर बघा.

हे सगळं वाचताना अप्पांची एक चूक सारखी आठवत होती. मी बारातेरा वर्षांची असेन. कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरनी जुनं इंग्रजी बायबल बांधायला टाकलं, पाठ निघालेली, निम्मी पानं सुटी. अप्पांना इंग्रजी मथळे लागायचे तेवढंच. जुन्या कराराचं शेवटचं पुस्तक मलाखी संपलं की नव्या करारातलं पहिलं मत्तय, हे त्यांना झोपेतही माहीत. मधे एक गठ्ठा आला तो कुठल्या दुसऱ्या पुस्तकाचा म्हणून त्यांनी रद्दीत नाही पण फळीवर बाजूला ठेवला, आणि झकास कापडी बांधणी करून दिली. चौथ्या दिवशी सिस्टर परत. "मामा, माझे मक्काबी कुठे आहेत?" अप्पा म्हणाले, "सिस्टर, तसं पुस्तक बायबलात नाही." त्यांनी काही न बोलता मलाखीचं शेवटचं पान उलटून दाखवलं. त्याच पानाच्या मागच्या बाजूला मक्काबी सुरू झालेले होते. कॅथलिकांच्या बायबलात ते असतात, आमच्या नाहीत.

अप्पांनी सगळं उसवून फुकट पुन्हा शिवलं. त्यानंतर कुणाचंही पवित्र शास्त्र दुकानात आलं की ते आधी एक कोरा कागद पुढे करायचे आणि म्हणायचे, यात काय काय आहे ते तुमच्या हाताने लिहून द्या.